दोराचं दुसरं टोक

३ एप्रिल १९७४

आढ्याला चीर गेली! घराची वाटणी झाली, मधे भिंत आली, पण छपराला पेलणारं वरचं आढं एकच राहिलं — अर्धं माझ्यावर, अर्धं धाकट्या भावावर, ज्ञानूवर. वाटणीपासून आमच्यात शब्द नाही. पावसाळ्याआधी बदललं नाही तर दोघांच्याही डोक्यावर येणार.

भिंतीपलीकडून त्याची पोरं हसलेली ऐकू येतात. बायको गेल्यापासून इकडे मी आणि रेडिओ.

९ एप्रिल

नव्या आढ्यासाठी आपल्या रानातलं ऐनाचं झाड पाडलं. सरळसोट! पण जाऊन पडलं ओघळीत. वर ओढून काढायला दोर पाहिजे.

११ एप्रिल

सांगलीहून नायलॉनचा दोर आणला. दुकानदार जिनदत्तशेठ म्हणाले, "सुभेदार, लय मजबूत माल! पण लाकडाचं दोन तुकडं करा की. मग कुठलाबी दोर चालंल." खरं आहे. माझ्या घरापुरतं अर्धंच लागतं. तरी मजबूतच घेतला.

येताना एस.टी.त शेजारच्या जागेवर दोराचं भेंडोळं ठेवलं. लीला असती तर तिथं बसली असती. फार ओकंबोकं वाटलं.

१४ एप्रिल

फजिती! नायलॉन नुसता लांबतोय, लाकूड जागचं हलत नाही — आणि मग एकदम हिसका! गाठ सुटली, हरण्या बैल गुडघ्यावर आला. बांधावरून ज्ञानू बघत होता. माझ्याशी बोलायचं नाही, म्हणून बैलालाच म्हणाला, "हरण्या, सांग गड्या तुझ्या मालकाला, लाकूड वडायला वाखाचा दोर लागतोय. पलटनीत शिकवलं न्हाई व्हय?"

मीही बैलालाच सांगितलं, "त्याला म्हणावं, तुझं तू बघ."

घरी आल्यावर मात्र बरं वाटलं. बैलाशी का होईना, बोलला तर!

२० एप्रिल

माळ्यावर वाख सापडला, घायपाताच्या पानांचे धागे. लीलानंच सोलून ठेवलेले. पेड केले, पण पुढं अडलं. दोर एकट्याला वळता येत नाही. पीळ भरेल तसा तो आखडतो, दुसरं टोक धरणाऱ्यानं पुढं पुढं यावं लागतं. टोक खांबाला बांधून पाहिलं. खांब कशाला पुढं येतोय!

शेजारच्या धुळाला हाक मारली. "आवं सुभेदार, सख्खा भाऊ असताना आमी कशाला मधी?" म्हणाला आणि गेला. सगळा गाव हेच म्हणतो.

२१ एप्रिल

भाकरी करपली. सांगणार कुणाला?

२३ एप्रिल

कुऱ्हाड घेऊन ओघळीत गेलो. मधोमध खूण केली. अर्धं करवेना. तसाच परत आलो.

२५ एप्रिल

सकाळी ज्ञानू अंगणात आला. पेडांचं दुसरं टोक उचललं. पीळ बसत गेला, दोर आखडत गेला, तो एकेक पाऊल पुढं. शेवटी हातभर अंतर उरलं. हरण्या रानात चरत होता — बोलणार कुणाशी?

"दादा," म्हणाला, "लाकूड लय लांब तोडलंयस रं."

"दोनी घरांवर पुराया नगं व्हय?"