प्राणवायूही धातूच

गुरुजी, तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली ही सबब मी ऐकून घेणार नाही. आठवीत संस्कृतच्या तासाला तुम्ही धातू विचारलेत. मी छाती काढून "लोखंड, तांबं, पितळ" म्हणालो, आणि तुम्ही खडू खाली ठेवून म्हणालात, "कावून बे, हे संस्कृत हाय का भांड्याचं दुकान?" महिनाभर वर्ग मला 'पितळ्या' म्हणत होता. आता ऐका. माझी लेक आकाशातल्या दीर्घिकांवर संशोधन करते, आणि तिच्या शास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून विश्वातलं झाडून सगळं 'धातू'. प्राणवायूसुद्धा! म्हणजे माझी चूक एवढीच, की मी फार थोडे सांगितले.

चार दिवस रजेवर ती घाटनांदूरला आली आहे. माझ्या शाळेतल्या पोरांसाठी तिनं लेख लिहिलाय, त्याचं मराठी मी तपासतो. स्वयंपाकघरात भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता ती समजावते: एखादा प्रचंड तारा मरतो तेव्हा काही क्षण गॅमा किरणांचा लोळ सुटतो, आणि मागे थोडे दिवस त्याची प्रभा रेंगाळते. ती प्रभा त्याच्याच दीर्घिकेतल्या वायूतून बाहेर पडताना तिथलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा घास घेतं. वर्णपटात तेवढ्या जागी काळी रेघ. जी दीर्घिका इतक्या लांबून एरवी दिसतही नाही, तिच्यात कोणते धातू किती, हे त्या रेघा सांगतात. आणि ते धातू आले कुठून? आधी मेलेल्या ताऱ्यांच्या पोटातून. "अगं, हा तर आमच्या व्याकरणातला लोप!" मी म्हणालो. "अक्षर दिसत नाही, पण त्याचं काम दिसतं." ती हसली. "बाबा, हे तुम्ही कालच सांगितलंत. याच शब्दांत." मीही हसलो, जरा उशिरानं.

त्या पितळेच्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी नेलंत. "लेकराला आदी जेवू घाला, मंग छळा," काकू चुलीपुढून म्हणाल्या. माझी ज्वारीची गरम भाकरी संपल्यावर तुम्ही स्वतःच्या अक्षरातली धातूंची वही माझ्या हातात ठेवलीत. "पाठ कर. एका धातूतून शंभर शब्द निघतेत बे. तुझ्या पितळंतून निघून निघून एक तांब्या निघंल." त्या वहीवर मी संस्कृतचा मास्तर झालो, संसार केला, लेकीला शिकवलं. तिच्या लेखात 'धातुसमृद्ध' हा शब्द आहे. मी सुचवला नव्हता, तिचं तिलाच सुचला. तुमचं थोडंफार तिच्यापर्यंत पोचलंय, गुरुजी.

हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या वहीतच ठेवतो. लेकीला न सांगितलेलं एक तुम्हाला सांगतो. परवा वर्गात 'गम्' धातू चालवताना मधलं एक रूप आठवेना. मी फळ्यावर जागा कोरी सोडली आणि ठसक्यात म्हणालो, "इथं लोप." पोरांनी तसंच उतरवून घेतलं. तिथं लोप नाही. मी विसरायला लागलोय, आणि मला भीती वाटते.