गाळलेल्या सहा ओळी

बराकपूर, कोलकाता
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. विनूस,

अनेक आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला. माझे आशीर्वाद नको असतील तर ही ओळ सोडून पुढे वाच. नाशिकला थंडी पडायला लागली असेल. इथे अजून पंखे चालू आहेत. बाबा बरे आहेत. साखर वाढली होती, ती शेजारच्या घोषाल काकूंनी आटोक्यात आणली, म्हणजे संदेशाची मिठाई पाठवणं बंद केलं. मी अजून सेक्टर फाइव्हच्या त्याच सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रोज सियालदाची गाडी, पुढे बस, आणि दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. त्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

ईमेल सोडून हाताने का लिहितोय, असं तुला वाटेल. तू माझे ईमेल उघडत नाहीस, हे एक कारण. दुसरं पुढे येईलच.

दहा दिवसांपूर्वी भाईफोट्याला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, काकूंच्या मुलीने मलाही पाटावर बसवून कपाळाला चंदन लावलं. मला जरा लाजल्यासारखं झालं. तेवढ्यात काकूंनी विचारलं, "तोमार बोनेर गला आर शुनी ना कॅनो?" तुझ्या बहिणीचा आवाज हल्ली का ऐकू येत नाही? सकाळी बाबा बाल्कनीत बसून फोनवर तुझ्या आवाजात पेपर ऐकायचे, तो आवाज काकूंच्या स्वयंपाकघरात जायचा. त्यांना मराठी ओ की ठो कळत नाही, पण तुझ्या आवाजावर त्यांचा चहा व्हायचा म्हणे. मी काहीतरी सांगून उठलो.

विनू, 'बोलकं पान' बंद पडलं. तू म्हणाली होतीस तसंच.

आपण ते करायला घेतलं तेव्हा काचबिंदूने बाबांची नजर पुरती गेलेली होती. तू मे महिन्यात इथल्या मरणाच्या उकाड्यात, पंखा बंद करून, चारी बाजूंनी गोधड्या टांगून मराठी शब्द रेकॉर्ड करत बसलीस आणि दर दहा मिनिटांनी माझ्या नावाने ओरडत होतीस. ते शब्द जोडून पेपर वाचणारा प्रोग्रॅम मी लिहिला. कुणीही फुकट घ्यावा, बदलावा, वाटावा म्हणून उघडा ठेवला. फक्त तो कुठल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचा, तिथे आपलं बिनसलं.

मला त्या परदेशी कंपनीने बनवलेलीच भाषा हवी होती. सोपी होती, सगळं तयार मिळत होतं, आणि मला ती येत होती. खरं कारण हे शेवटचं. तू म्हणालीस, दादा, ती भाषा फोनवर चालवणारा जो थर आहे त्यावर कंपनीची पेटंटं आहेत. मी तुला कंपनीच्या वेबसाइटवरचं पान दाखवलं: फुकट सॉफ्टवेअर करणाऱ्यांवर आम्ही खटला भरणार नाही. तू म्हणालीस, "हे नुसतं म्हणणं आहे. परवाना कुठे आहे? उद्या कंपनी विकली गेली तर?" मी हसलो होतो. भारतात सॉफ्टवेअरची पेटंटं धड चालत नाहीत, आपण बराकपूरला बसून लिहितोय, अमेरिकेतली पेटंटं आपलं काय वाकडं करणार? हे वाक्य मी तेव्हा चारचौघांत किती ऐटीत म्हणायचो!

गेल्या वर्षी ती कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी ते पान काढून टाकलं. मग त्यांच्या वकिलांचं पत्र आलं, तेही मला नाही, परदेशातल्या ज्या संस्थेच्या सर्व्हरवरून आपला प्रोग्रॅम लोक उतरवून घेत होते, त्या संस्थेला. बराकपूरचा पत्ता कुणी विचारलासुद्धा नाही. संस्थेतली माणसं स्वयंसेवक, कोर्टात उभं राहायची ताकद कुणात नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी 'बोलकं पान' सर्व्हरवरून काढून टाकलं. ते पेटंट खरंच लागू होतं की नाही, कुणी तपासलंच नाही. खटल्याची वेळच आली नाही.

बाबांच्या जुन्या फोनवर ते चालूच होतं. दुर्गापूजेतल्या अष्टमीच्या दिवशी फोन बाल्कनीतून खाली पडला. नव्या फोनवर तो जुना थर बसत नाही आणि नवा आता परवाना घेणाऱ्यांनाच मिळतो. मी तीन आठवडे डोकं फोडलं. मग दुसरा एक वाचणारा प्रोग्रॅम घालून दिला, चांगला आहे. बाबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि फोन पालथा ठेवला. मी म्हटलं, बाबा, आवाज स्पष्ट आहे की. ते म्हणाले, "ही पूर्णविरामाच्या आधी श्वास घेत नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की चार वर्षं तुझं नाव घरात निघालं की उठून जाणारा हा माणूस रोज सकाळी तासभर काय ऐकत होता.

आता ते लिहितो, ज्यासाठी हे पत्र आहे. अर्धा दिवस टाळून झालं.

तू अकरा महिने खपून सगळा प्रोग्रॅम दुसऱ्या, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या भाषेत पुन्हा लिहिलास. मी तो घेतला नाही. त्यात खोट नव्हती. माझ्यापेक्षा बरा होता, म्हणून घेतला नाही. मग तू बाबांना पत्र पाठवलंस, हाताने लिहिलेलं. हाताचं अक्षर 'बोलक्या पाना'ला वाचता यायचं नाही. ते बाबांना मी वाचून दाखवलं.

तू लिहिलं होतंस: "बाबा, मी काम सोडत नाहीये. प्रोग्रॅम तोच राहील, नाव तेच राहील, दादाचं नाव माझ्या आधी राहील. फक्त भाषा बदलू या. नाहीतर एक दिवस माझा आवाज तुमच्याकडून कुणीतरी काढून घेईल. दादा माझं ऐकत नाही. तुम्ही त्याला सांगा." या सहा ओळी मी गाळल्या. त्यांच्या जागी वाचलं, "मी यातून बाहेर पडतेय. माझी वाट बघू नका." अडखळलोसुद्धा नाही.

त्यानंतर तू दोनदा फोन केलास आणि बाबा बोलायला आले नाहीत. मी फोन हातात धरून उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं.

काल दुपारी तुझं पत्र कपाटातून काढलं आणि बाबांना सगळं सांगितलं. मग ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं बाबा ओरडतील, निदान हात तरी उगारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "हेसुद्धा तूच वाचतोयस ना?"

मी हो म्हटलं.

"मग आता तरी सगळं वाचलंस, हे मी कशावरून धरू?"

विनू, मी पत्राची घडी घातली.

तुझं ते पत्र या लिफाफ्यात घातलं आहे, हाताने लिहिण्याचं दुसरं कारण हेच. माझ्याकडे ठेवण्यात अर्थ नाही. तुझं अकरा महिन्यांचं काम तुझ्याकडे असेल तर ते तुझ्या नावाने सुरू कर. माझं नाव कुठेही नको. ते नसेल, किंवा करावंसं वाटत नसेल, तरी तुझा दोष नाही. पण तुझं ते पत्र बाबांना तू स्वतः फोनवर वाचून दाखव. फोन मी उचलणार नाही. नव्या फोनवर कुणाचा फोन आलाय ते त्यांना कळत नाही, तरी कालपासून वाजेल तो फोन ते स्वतःच उचलताहेत. आज सकाळी बँकेच्या जाहिरातवाल्या मुलीला त्यांनी शेवटपर्यंत बोलू दिलं.

ज्याच्या वाचण्यावर या घरात आता कुणाचा भरवसा नाही, तो
केयूर