उजेडात धरलेली टोपी

किटो, मंगळवार

प्रिय आउरिस्तेला,

मोन्सेराते माउलीच्या कृपेने माझं बरं चाललं आहे. खोकलाही गेला.

परवा सकाळी तू विणून पाठवलेल्या गवती टोपीचा दुकानासाठी फोटो काढला. नेहमीप्रमाणे सूर्य मागे ठेवून ती खिडकीत धरली. गवत सोन्यासारखं उजळलं आणि विणीची वलयं एकेक दिसू लागली. मधली अगदी सारखी होती. काठाकडची, शेवटी विणलेली, मात्र वाकडी, काही ठिकाणी वीण सुटलेली.

मालक ओल्मेदो ओरडले, "अरे, पुढून उजेड घे! गिऱ्हाईक पळवतोस का?"

"बायकोने विणलीय, मालक."

"मग तर आणखीच लपव, बाबा!"

मी हसलो. पण तुझ्या हाताला अशी चूक माहीत नाही. पहाटे गवत मऊ असताना विणायला बसतेस, तेव्हा तुला नीट दिसत नाही का? कोंबड्यांचं लिहिलंस, आईच्या गुडघ्याचं लिहिलंस, डोळ्यांचं काहीच नाही.

मांता शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची पुढच्या शुक्रवारची वेळ घेतली आहे. घाबरू नकोस, मी बरोबर असेन. गावी परतायचं दोन वर्षं नुसतं म्हणत होतो. आज कॅमेरा मालकांच्या स्वाधीन केला आणि काम सोडलं.

तुझाच,
सेगुंदो