ढोलाच्या लाकडावर हात

बाळूचे बाबा,

नमस्कार-चमत्कार राहू द्या, सरळ लिहिते. शेवटची वर्षं तुमच्याशी बोलायचं म्हणजे लिहूनच बोलावं लागायचं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्ठं अक्षर काढायचं, 'भाकरी झाली', 'गोळी घेतली का'. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला तुमच्या कानांनी लिहायला लावलं. आता तुम्ही नाही, तरी काही सांगायचं झालं की हात कॅलेंडरकडेच जातो. आज पान फाडलंच. महिना अजून संपलेला नाही, सून काय बोलायचं ते बोलेल.

तुमचा गुलछडी बँड बघून आले.

लग्नात नाही. थेटरात! इथल्या उधन्याच्या त्या छोट्या नाटकाच्या थेटरात आपल्या खान्देशी मंडळींनी कार्यक्रम ठेवला होता. तुमची नात कोमल घेऊन गेली. तिचं लग्न ठरलंय आणि घरात सगळे डीजे लावायचा म्हणतात. ती म्हणाली, आजी, आधी एकदा बँड ऐकून तर येऊ.

मी गेले होते वेगळ्याच कामाला. मला तुमची एक गोष्ट तपासायची होती.

जन्म कापडाच्या लूमच्या खात्यात, त्या खडखडाटात उभं राहून काढला आणि तुमचे कान गेले. दारावर थाप मारली तरी कळायचं नाही. पण गावाकडच्या लग्नात गुलछडी वाजायला लागला की तुम्ही मोठ्या ढोलाला हात लावून वरात संपेपर्यंत चालायचे. आणि घरी येऊन मला सांगायचे, आज कोणकोणती गाणी वाजली. एकही चुकायचं नाही. मी म्हणायचे, लोकांचे ओठ वाचता आणि मला बनवता. खात्याच्या आवाजात तुम्ही सगळे कारागीर ओठांवरूनच तर बोलायचे, आणि नजर अधू होईपर्यंत तुम्हाला ते जमायचं. तुम्ही नुसते हसायचे. तोंड उघडून सांगायला काय झालं होतं हो?

असो. पडदा उघडला, तर बँडवाले ओळीने खुर्च्यांवर बसलेले, फोटो काढायला बसवावं तसे. बँडमास्तर आधी ओळखूच येईनात. गाल आत गेलेले, तोच लाल कोट आता अंगावर लोंबतोय. पहिलं गाणं पचपचीत. दुसरं त्याहून. कोमलने मोबाईल काढला. मला वाटलं, आटोपला हा बँड.

चूक कार्यक्रम ठेवणाऱ्यांची होती. चालता चालता वाजवण्यात ज्यांची हयात गेली त्यांना खुर्चीवर बसवलं. पायच थांबले तर फुंक कुठून येणार?

तिसरं गाणं अर्ध्यात सोडून मास्तर उठले. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघतो तेव्हाची चाल धरली आणि वाजवत सरळ पायऱ्या उतरून खाली आले. मागोमाग सगळा बँड. आणि आपली माणसं! बँड चालायला लागल्यावर आपल्यात बसून कोण राहतं? अख्खं थेटर उठलं आणि मधल्या वाटेने मागे निघालं. नवरदेवाचा पत्ता नाही, पण वरात निघाली. दारावरचा गुजराती माणूस मला अडवायला आला, "माजी, बेसी जाओ." मी म्हटलं, तूच बस.

काय वाजवलं हो त्यांनी! उघड्यावर निम्मा आवाज आभाळात जातो. इथे छप्पर खाली आणि भिंती जवळ, सगळाच्या सगळा आमच्या अंगावर. मास्तरांच्या बरगड्या कोटातून मोजाव्यात अशा, आणि क्लारनेटचा सूर इतका लांब धरला की मीच श्वास घ्यायची राहिले. एवढं मोठं काहीतरी या म्हाताऱ्या माणसांत मावतं कुठे?

ढोल माझ्याजवळ आला. वाजवणारा तोच दगडूभाऊ, आता पाठीत वाकलेला. मी हात लावला चामड्याला. नुसता दणका, दुसरं काही नाही. मनात म्हटलं, सापडले बाळूचे बाबा, खोटं बोलत होते.

दगडूभाऊने बघितलं आणि मान हलवली. "माय, तठे नही," म्हणाला आणि माझा हात धरून ढोलाच्या लाकडी पोटावर नेला. "आठे. बाबा आठे हात ठेवायचे."

मग चालता चालता त्याने थोडा वेळ ठोका दिलाच नाही. ढोल गप्प, तरी लाकूड थरथरत होतं. क्लारनेट चढली की बारीक मुंग्या, मोठा कर्णा आला की जाड. गाण्याची ओळ न ओळ तळहाताखालून जात होती. मी अशी उभी राहिले की मागचे लोक मला वळसा घालून गेले.

खरं बोलत होते तुम्ही. ऐकत होते.

मग एकदा मला का नाही नेलं तिथे? बायकोचा हात धरून ढोलाकडे चालला, असं लोक म्हणाले असते म्हणून? म्हणू द्यायचं होतं. मी बघून घेतलं असतं त्यांना.

कोमलनेही हात ठेवून बघितला. डिंडोलीला घरी परत येताना रिक्षातूनच तिने बापाला फोन करून डीजे नको म्हणून सांगितलं. बाळू तिकडून ओरडत होता. ओरडू दे.

तर आता ऐका. कोमलच्या वरातीत मी ढोलासोबत चालणार, गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत. हात लाकडावर, दगडूभाऊने दाखवला तिथेच. आणि घरी आले की कोणकोणती गाणी वाजली ते एकूण एक तुम्हाला सांगणार. फोटोसमोर उभी राहून बडबडणार नाही, मला अजून वेड लागलेलं नाही. काठवटीत भाकरी थापता थापता सांगीन. काठवट लाकडाचीच आहे. तुम्हाला कळेल.

बाळूची आई