मोजा चढवणार कोण?

प्रिय रेणुका,
जयभीम.

तू माहेरी गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. तुझी आठवण वगैरे काही येत नाही, पण शिरांसाठी दिलेला तो घट्ट मोजा एकट्यानं चढत नाही. काल शेजारच्या फकरुद्दीनभाईंना बोलावलं. त्यांनी ओढला, तर मी खाटेवरून खाली आलो आणि मोजा टाचेवरच राहिला.

"हिला साधा मोजा ओढता येत न्हाई," असं मी तुझ्या भावासमोर बोललो. नको होतं बोलायला.

डॉक्टरीणबाई म्हणतात, वीस वर्षं कंपनीच्या गेटावर उभं राहून पायात रक्त साचलंय. चाललं की पोटरी आवळते आणि रक्त वर काळजाकडं ढकलते. म्हणून मी रोज घोरावाडीहून सोमाटण्यापर्यंत चालतो. तिथंच तुझ्या आबांचं घर आहे, त्याला मी काय करू?

वर निघालेलं रक्त मागं फिरू नये म्हणून शिरांत झडपा असतात म्हणे. मी मात्र रोज असं एक पत्र खिशात घेऊन आबांच्या दारापर्यंत येतो आणि तसाच मागं फिरतो.

झडपा खराब असल्याचं माझ्या रिपोर्टात लिहिलंच आहे.

तुझाच,
टाचेपर्यंत मोजा घातलेला,
गोरख