सावलीतला आकडा

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, खोलीला वाराही येतो. आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर तुम्ही "हो हो" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहितेय. आपल्याकडचा येत्या आठवड्याचा हवामानाचा अंदाज कालच मी टाइप केला. सोमवारपासून बेचाळीस.

मागच्या उन्हाळ्यात पेपरात चाळीस वाचून तुम्ही म्हणालात, "पोरीनं लिहिलंय, झेपेल," आणि पत्रे ठोकायला छपरावर चढलात. घेरी येऊन पडलात, हे आईनं मला महिन्यानं सांगितलं. ते चाळीस मीच टाइप केलं होतं.

बाबा, आमच्या वेधशाळेचा तापमापक हिरवळीवर, पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत असतो. आकडा तिथला. तापलेल्या पत्र्यावर किती, ते आम्ही मोजतच नाही.

तेव्हा आठवडाभर दहाच्या आत खाली उतरा. "काम खोळंबतं" म्हणाल, ठाऊक आहे. खोळंबू दे.

अंदाजाखाली छपरावरच्या माणसांसाठी एक ओळ घालू का, असं साहेबांना विचारलं. "तशी पद्धत नाही," म्हणाले. म्हणून ती ओळ तुम्हाला पाठवते: हा आकडा तुमचा नाही.

तुमच्याइतकीच हट्टी,
धाकटी