शिकारीच्या चाकूबाबत आणि बाकी सगळ्याबाबत

मी, पद्मिनी संजीव देवपुजारी, वय वर्षे सहासष्ट, मूळची नागपूरची, गेली अडतीस वर्षे राहणार मॅडिसन, विस्कॉन्सिन राज्य, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी माझ्यावर जबरदस्ती केलेली नाही आणि हे शब्द माझेच आहेत. नोव्हेंबरात बसलेला धक्का मात्र अजून ओसरलेला नाही. वाक्ये कुठे अडखळली तर त्यावरून माझ्या शुद्धीबद्दल शंका घेऊ नये.

इंग्रजी प्रत वकीलबाईंनी केली आहे, ती कोर्टासाठी. ही घरासाठी.

कलम १. राहते घर. या राज्याच्या कायद्याने अर्धे घर माझे आहे. ते माझे पती संजीव यांना मिळावे. (कॉलेजपासून मी त्याला 'अरे' म्हणत आले आहे, म्हणून पुढे 'तो' लिहिते.) त्याने ते विकून मुलीकडे जाऊ नये असे मला वाटते, पण ही अट नव्हे.

कलम २. बँकेत आणि पेन्शनच्या खात्यात जे उरेल ते माझी मुलगी प्रीता, राहणार क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया, हिला. माझे दागिनेही तिलाच. ती घालणार नाही, हे मला माहीत आहे. मोडू नयेत, एवढेच.

कलम ३. पितळी पुरणयंत्र महाराष्ट्र मंडळातल्या रुपालीताईंना द्यावे. सत्त्याण्णव साली माझ्या घरच्या हळदीकुंकवाला त्यांनी सगळ्यांसमोर विचारले होते, "ह्याच भांड्यांत हरणाचं मटण शिजवता का हो?" आणि अकरा जणींनी बशा खाली ठेवल्या. त्या यंत्रातून पुरणाखेरीज काहीही गेलेले नाही. माझ्या शिकारीचे मांस गॅरेजमधल्या वेगळ्या फ्रीजरमध्ये असते, त्याची भांडी वेगळी आहेत, कारण संजीव शाकाहारी आहे. यंत्र पोचले की माझा राग संपला असे धरावे.

कलम ४. घडीचा चाकू, नारिंगी मुठीचा.

याची हकीकत लिहिणे भाग आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी एकोणतीस वर्षे गाठींचे, आतड्यांचे, काळजाच्या तुकड्यांचे केसाहून पातळ काप केले. पात्याची धार गेली की काप फाटतो आणि निदान चुकू शकते, हे माझ्या हाताला पक्के ठाऊक होते. शेजारच्या टेबलावर लव्हर्न नावाची बाई होती. तिचे वडील शेतकरी. तिने मला पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला नेले. नेम धरायला आठ दिवसांत शिकले. चाकू निवडायला लव्हर्नने दोन हंगाम लावले.

ती म्हणायची, मोठा चाकू घाबरट माणूस घेतो. पाते तर्जनीएवढे पुरे. टोक जरा उतरते असावे, म्हणजे पोट उघडताना आतडे फुटत नाही आणि मांस नासत नाही. मूठ हातमोज्यातूनही पकडता यावी, आणि रंग भडक असावा, कारण पाचोळ्यात पडलेला तपकिरी चाकू पुन्हा सापडत नाही. सर्वांत महत्त्वाचा तो मागचा खटका. पाते उघडले की 'टक्' असा आवाज यायलाच हवा. तो आला म्हणजे पाते अडकले, आता मिटणार नाही. आवाज नाही आला तर कापायचे नाही.

असा चाकू मी एकतीस वर्षे वापरला. त्याला माझ्याशिवाय कोणी हात लावत नसे, असे मी समजत होते.

कलम ५. शनिवार, २३ नोव्हेंबर २०२४, सकाळी साडेनऊच्या सुमारास काय झाले.

हंगामाचा पहिला दिवस होता, थंडी शून्याच्या बरीच खाली. नेहमीप्रमाणे संजीव मला घेऊन आला आणि लव्हर्नच्या घरच्या शेताच्या रस्त्यावर गाडीत थर्मास आणि शब्दकोडे घेऊन बसला. तो पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर; निवृत्त झाल्यापासून तोच माझा ड्रायव्हर. मला एक मादी मिळाली. मी गुडघ्यांवर बसले, चाकू उघडला, कापायला लागले. बरगडीपाशी जोर दिला आणि पाते माझ्याच बोटांवर मिटले.

दुखले नाही. हातमोजा तेवढा गरम झाला. आपल्या उजव्या हाताची दोन बोटे आपले ऐकत नाहीत, हे मी नुसती बघत राहिले. मग शिट्टी फुंकली.

संजीव धावत आला. त्याने हात पाहिला, गळ्यातला मफलर काढून करकचून बांधला, माझा हात वर करून झाडाला टेकवून मला बसवले आणि ९११ ला फोन केला. ॲम्ब्युलन्सला पंचवीस मिनिटे लागणार होती.

मी म्हणाले, "ही वाया जाणार रे. आपण मारली आणि वाया जाणार."

मला रडू येत होते ते हाताचे नव्हते.

तो हरणाजवळ गेला. आयुष्यात अंडेसुद्धा न फोडलेला माणूस. मग त्याने कोट काढला, बाह्या सारल्या आणि विचारले, "कुठून कापायचं, सांग."

"संजीव, तुला जमणार नाही."

"तू सांग तर खरं."

माझ्या पिशवीत लव्हर्नचा जुना चाकू होता, ती गेल्यावर तिच्या मुलाने मला दिलेला. मी सांगत गेले, तो करत गेला. मध्ये एकदा बाजूला जाऊन उलटी करून आला, बर्फाने तोंड पुसले आणि म्हणाला, "पुढे?" ॲम्ब्युलन्स आली तेव्हा काम पूर्ण झाले होते आणि त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते. त्या माणसांना कळेना की नक्की कोणाला उचलायचे.

रुग्णालयात जखम धुताना नर्स थबकली. "खोबऱ्याचा वास येतोय का कुणाला?" तिने इंग्रजीत विचारले. मी संजीवकडे पाहिले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मंगळवारी तू पोहायला गेली होतीस," तो म्हणाला. "म्हटलं, एकतीस वर्षं ही एकटीच सगळं करते, चाकूसुद्धा. एकदा तरी आपण काही करावं. थोडं तेल सोडलं सांध्यात."

"कसलं तेल?"

"शिकागोच्या डेव्हन रस्त्यावरून आणलेलं. डोक्याचं."

खोबरेल! आपल्या स्वयंपाकघरात ते सप्टेंबरातच गोठते. त्या थंडीत खटक्याच्या खाचेत त्याचे मेण झाले होते आणि खटका पुरता बसलाच नव्हता.

"पुलाच्या बेअरिंगला कधी खोबरेल लावलं होतंस का रे?" मी ओरडले. वॉर्डभर ऐकू गेले असेल. त्यानंतर नऊ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. प्रीता विमानाने आली, सगळे ऐकले आणि म्हणाली, "डॅड, यू कुड हॅव किल्ड हर." मी तिथेच पलंगावर होते. तोंड उघडले नाही. ती परत गेली तेव्हापासून फक्त मला फोन करते.

कलम ६. हे कलम मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहीत आहे.

त्या सकाळी मी चाकू उघडला तेव्हा 'टक्' झाले नाही.

मला ते कळले होते. आवाज आला नाही हे माझ्या कानांनी टिपले होते, आणि थंडी होती, मला घाई होती, मी स्वतःला म्हणाले, चालतेय. जे लव्हर्नने मला शिकवले आणि मी मंडळाच्या उन्हाळी कॅम्पात चाकू हाताळायला शिकवताना वीस पोरांकडून घोकून घेतले, ते मीच मोडले. तेल संजीवने घातले. कापायला मी लागले. अडीच महिने त्याने सगळा दोष एकट्याने सोसला, आणि मी सोसू दिला. बोटांपेक्षा मोठा धक्का हाच आहे. आपण इतके सोयीस्कर गप्प बसू शकतो हे मला सहासष्टाव्या वर्षी कळावे!

कलम ७. म्हणून नारिंगी चाकू संजीवला. लव्हर्नचा प्रीताला, तिला नको असेल तरी. दोघांसाठी सूचना: वापर झाला की त्याच दिवशी गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश. खटक्याची खाच दातकोरणीने साफ करावी, रक्त तिथेच सुकते. पूर्ण कोरडा झाल्याशिवाय मिटू नये. सांध्याला मिनरल ऑइलचा एकच थेंब, जास्तीचे पुसून काढावे. खाण्याचे किंवा डोक्याचे कोणतेही तेल नाही. धार दगडावर हाताने, न चेपता. विजेच्या यंत्रावर कधीही नाही, पाते तापून मऊ पडते. उघडताना कान द्यावा. शंका आली तर थांबावे.

कलम ८. हा कागद मी मेल्यावर उघडला तर सहाव्या कलमाचा काही उपयोग नाही. म्हणून तो आज, सही करण्यापूर्वी, मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. संजीव समोर बसला होता, प्रीता क्युपर्टिनोहून फोनच्या स्पीकरवर होती. सहावे कलम संपल्यावर संजीव म्हणाला, "मला माहीत होतं गं. पुलावर काय, कुठे काय, खटका बसला नाही तर माणसाला कळतंच." मी विचारले, "मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तुझा हात दुखत होता."

मग फोनमधून प्रीताचा आवाज आला. "आई," ती मराठीत म्हणाली, "फोन बाबाला दे. स्पीकर बंद कर."

फोन त्याला दिला आहे. तो आत गेला आहे आणि दार लावले आहे. वीस मिनिटे झाली. त्याला हाक मारू नये असे मी साक्षीदारांना सांगितले आहे. त्याची सही या कागदावर लागत नाही. डाव्या हाताने केलेली खालची सही माझीच आहे.

लिहून देणार: पद्मिनी संजीव देवपुजारी

आम्ही शेजारी असून, वरील बाईंनी हे आमच्या देखत वाचले व सही केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार १: अनिका वझलवार
साक्षीदार २: देव पाटणकर

मॅडिसन, विस्कॉन्सिन
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५, दुपारी तीन